गाडीचा हिशेब कोणी ठेवायचा?

‘अजून तीच गाडी का गं?’ संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. विचारणारीच्या मनात वाईट नसतं. तिच्याकडे नवी, उंच गाडी आलेली असते आणि पार्किंगमध्ये ती नेमकी आमच्या अल्टोशेजारी उभी असते. आमची अल्टो २००८ सालची, मीटरवर एक लाख चौसष्ट हजार किलोमीटर. पूर्वी मी ओशाळून हसायचे. आता सरळ सांगते, ‘हो, तीच. आणि २०२८ पर्यंत तरी तीच राहणार.’

हा धीटपणा माझ्यात एका रात्रीत आला, आणि ती रात्र काही चांगली नव्हती.

सासूबाईंचं तेव्हा डायलिसिस चालू होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आम्ही राहायला बदलापूरला, सेंटर उल्हासनगरला. अंतर म्हणाल तर बारा-चौदा किलोमीटर. पण चार तास मशीनवर झोपून उठलेल्या सत्तरीच्या बाईला रेल्वेचा पूल चढवून, संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये शिरवून घरी आणणं ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. त्यांचं बीपी खाली गेलेलं असायचं. म्हणून गाडी. यांची शिफ्ट ड्युटी, त्यामुळे गाडी मीच चालवायचे. आमच्या भागात अशी किती घरं आहेत, जिथे लहान गाडी हौसेसाठी नाही, तर दवाखान्यासाठी, मुलांच्या परीक्षेसाठी, गुडघे गेलेल्या आईसाठी घेतलेली आहे!

२०१८ चा मे महिना. रात्रीचे नऊ वाजून गेलेले. अंबरनाथला विम्को नाक्याजवळ ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा चढत चढत लाल रेषेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मला वाटलं, थोडंच राहिलंय, रेटू या. तेच चुकलं. अर्धा किलोमीटरवर गाडी बंद पडली ती पडलीच. मागच्या सीटवर आई डोळे मिटून, हाताला पट्टी बांधलेली, म्हणतायत, ‘होईल गं नीट, तू घाबरू नकोस.’ एका रिक्षावाल्याने त्यांना पाठीशी उशी देऊन बदलापूरला आणून सोडलं, आणि आमची गाडी टोचन लावून गॅरेजला गेली.

रेडिएटरचा होज पाईप फाटला होता. पाणी वाहून गेलं, इंजिन तापलं, हेड गॅस्केट गेलं. हेड उतरवून, फेसिंग करून सगळं मिळून साडेअकरा हजार. घरात एकमुखाने ठरलं की गाडी म्हातारी झाली, तिने दगा दिला, आता काढून टाकू या.

मग विकायची म्हणून कागद शोधताना डॅशबोर्डच्या खणात मला आधीच्या सर्व्हिसचं बिल सापडलं. त्यावर मेकॅनिकने खाली पेनाने लिहिलं होतं, ‘होज पाईप कडक झाले, बदलणे.’ तारीख आठ महिन्यांपूर्वीची. दोन्ही पाईप मिळून सात-आठशे रुपये झाले असते. यांना विचारलं तर म्हणाले, ‘अगं, पुढच्या वेळी करू म्हटलं होतं.’ म्हणजे दगा कोणी कोणाला दिला?

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला राग यांचा कमी आणि माझाच जास्त आला. मिक्सरचा ब्रश कधी बदलला हे मला पाठ. गॅसची नळी किती वर्षांची आहे, फ्रीजचं रबर कुठे सैल झालंय, पाण्याच्या फिल्टरची कँडल कधी बदलायची, सगळं डोक्यात. आणि ज्या गाडीत मी आजारी माणसाला आठवड्यातून तीनदा बसवत होते, तिच्या पोटात काय चाललंय ते मी कधी विचारलंच नाही. का? तर गाडी हा पुरुषांचा प्रांत. चालवायला आम्ही शिकलो, पण बॉनेट उघडायला नाही.

तेव्हापासून गाडीची एक वही आहे, किराणाच्या वहीसारखीच, शंभर पानी. डावीकडे तारीख आणि किलोमीटर, उजवीकडे काय केलं आणि किती लागले. आणि मागच्या पानावर ‘पुढच्या वेळी’ची यादी. या यादीतलं काही तीन महिन्यांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही, हा माझा नियम.

वही लिहायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की नुसत्या किलोमीटरवरून गाडीचं वय ठरत नाही. नाशिक हायवेवर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये झालेले लाख किलोमीटर वेगळे आणि कल्याण-बदलापूर रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून झालेले लाख वेगळे. आपल्याकडे इंजिनाआधी क्लचप्लेट संपते. छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, म्हणून ऑइल लवकर खराब होतं. खड्ड्यांनी शॉकॲब्सॉर्बर आणि खालचे बुश जातात. आणि चार महिने पाऊस म्हणजे गंज. कंपनीच्या पुस्तकात ऑइल बदलायला दहा हजार किलोमीटर लिहिलेले असतात, पण मी सात हजारांनाच बदलते, आणि किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलतेच. शेजारचे काका याला पैसे उडवणं म्हणतात. म्हणू देत.

टायमिंग बेल्टचंही तसंच. आमच्या गाडीत तो पट्टा आहे, काही गाड्यांत साखळी असते. पट्टा बाहेरून दिसत नाही, आवाज करत नाही आणि तुटला की गाडी जागच्या जागी बंद. काही इंजिनांत तर आतले व्हॉल्व्हही वाकतात. साधारण लाखभर किलोमीटरच्या आत तो बदलायचा असतो. सेकंडहँड गाडी घेणारीने पहिला प्रश्न हाच विचारावा, आणि तोंडी उत्तर नको, बिल दाखवा म्हणावं.

आता पैशाचं. २०२४ हे आमच्या वहीतलं सगळ्यात महागडं वर्ष. दोन सर्व्हिस ७,५००, चारही टायर १३,६००, बॅटरी ४,२००, क्लचप्लेट ६,३००, विमा २,९००, किरकोळ २,५००. एकूण सदतीस हजार. आकडा बघून हे लगेच म्हणाले, ‘बघ, एवढ्यात नव्या गाडीचे हप्ते गेले असते!’ मी वहीचं पान उलटून तिथेच हिशेब मांडला. सहा लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं, हप्ता महिना ९,८०० च्या आसपास. वर्षाचे एक लाख सतरा हजार, आणि सात वर्षांत सहा लाखांचे सव्वाआठ लाख. नव्या गाडीचा पूर्ण विमा त्याहून वेगळा. आमचं सगळ्यात वाईट वर्ष महिन्याला तीन हजारांत बसलं. आणि टायर-बॅटरी-क्लच दरवर्षी थोडीच लागतात? त्याआधीच्या वर्षी चौदा हजारांत भागलं होतं. मुलीच्या इंजिनीअरिंगच्या फीचं वर्ष तोंडावर होतं, त्यामुळे मला तरी उत्तर स्वच्छ दिसत होतं.

हप्ता ठरलेला असतो म्हणून तो आपल्याला सुरक्षित वाटतो आणि दुरुस्ती अचानक येते म्हणून ती अंगावर येते. मी त्यावर उपाय केलाय, दर महिन्याला तीन हजार गाडीच्या नावाने वेगळे काढते. दुरुस्ती आली की त्यातून.

लहान, खूप खपलेल्या गाडीचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. पार्ट कुठेही मिळतो. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झालं, तरी तिचे पार्ट आजही मिळतात, आणि आमच्या अल्टोचं ७९६ सीसीचं इंजिन त्याच गोतावळ्यातलं. उलट एखादी दिमाखदार परदेशी कंपनीची गाडी स्वस्तात मिळाली आणि मग ती कंपनीच इथून गेली, की आरशासाठी दोन महिने वाट बघा.

पार्टवरून आठवलं. ‘मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आम्ही इकडचे लोक स्वतःच सांगतो. पण मला खरा धडा दिला तो कॅम्प तीनमधल्या एका वयस्क सिंधी दुकानदारानेच. ब्रेकपॅड स्वस्तातले मागितले तर म्हणाले, ‘बेटी, दरवाजे का हँडल डुप्लिकेट ले जा, चलेगा. ब्रेक, बेल्ट और फिल्टर ओरिजनल ले.’ यापेक्षा सोपं कोणी सांगितलं नव्हतं मला. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर ते वाक्य आहे.

सेकंडहँड घेताय तर आपल्या भागात एक जास्तीची काळजी, पाण्याची. २६ जुलै २००५ चा पूर आपण विसरलेलो नाही. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, तेव्हाही किती सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊनपुसून पुन्हा बाजारात येते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ असते. कार्पेट उचलून वास घ्या, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. मीटर मागे फिरवलेलं असतं तेव्हा ते पेडलच्या रबरावरून कळतं. चाळीस हजार चाललेल्या गाडीचं रबर गुळगुळीत होत नाही. आणि आपलीच गाडी पाण्यात गेली तर चावी फिरवून बघायची नाही, इंजिनात पाणी असलं तर एका स्टार्टरला इंजिन मोडतं. आधी टोचन.

बऱ्याच जणींचा असाही समज आहे की पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच द्यावी लागते. तो नियम दिल्ली आणि आसपासचा. आपल्याकडे खासगी गाडी आरटीओत दाखवून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदवता येते. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० ची ५,००० झाली, शिवाय पर्यावरण कर. मुदत उलटली तर दर महिन्याला ३०० रुपये दंड. आम्ही २०२३ मध्ये कल्याणच्या आरटीओत ते करून घेतलं. २०२८ ला पुन्हा जाऊ तेव्हा गाडी विशीची होईल, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीची फी ऑगस्ट २०२५ च्या नियमाने १०,००० झाली आहे. हेही वहीत लिहून ठेवलंय. तसंच आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलचे पाईप दर सर्व्हिसला बघायला सांगते.

एका बाबतीत मात्र माझी वही हरते. आमच्या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच लहान गाड्यांची एअरबॅगशिवाय धडक-चाचणी घेतली, पाचही शून्य तारे. त्यानंतर नियम बदलले, नव्या गाड्यांत या गोष्टी सक्तीच्या झाल्या, पण त्या जुन्या गाडीत कुठून येणार? पुण्याला बहिणीकडे जायचं तर आम्ही रेल्वेने जातो. ही गाडी गावातली, चाळीस-पन्नासच्या वेगाची. ज्यांना रोज हायवे करायचाय त्यांनी माझा हिशेब बाजूला ठेवावा आणि नवी गाडी घ्यावी, हप्ता बसो वा न बसो. आणि चासीला गंजाने भोक पडलं तर मीही थांबेन. पत्रा बदलता येतो, पण हाडं गेली की वेल्डिंगवर माझा विश्वास नाही.

गॅरेजमध्ये अजूनही कधी कधी असं होतं की गाडी मी आणते, आवाज कुठून येतो ते मी सांगते आणि मालक उत्तर देतात ते शेजारी उभ्या असलेल्या यांना. परवा एका ठिकाणी यांनीच हसून माझ्याकडे बोट दाखवलं, ‘साहेब, वही त्यांच्याकडे आहे.’ मग मी वही उघडली. मागची अलाइनमेंट कधी केली, कोणत्या बाजूचा बुश बदलला, सगळं किलोमीटरसकट. त्यांनी चष्मा चढवून दोन पानं वाचली आणि म्हणाले, ‘मॅडम, मग डावीकडचा राहिलाय.’

डावीकडचा बुश, बाराशे रुपये. त्या पानावर खाली सासूबाईंच्या वेळचा जुना हिशेब आहे, सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या पेट्रोलचा. तो मी अजून खोडलेला नाही.