पोटखराबा

फाल्गुन सरता सरता नातवाला घेऊन राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर गेलो होतो. नऊ वाजताच जांभा तापू लागला. कड्याखाली देवघळीची पुळण दिसत होती. नातू म्हणाला, "आजोबा, इथे वर तर काहीच नाही!"

मी ओशाळलो. बँकेत असताना मीही तेच ठरवीत आलो होतो. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' दिसला, की तेवढ्या जमिनीची किंमत आम्ही धरीतच नसू.

मग त्याला कातळात कोरलेला भलामोठा हत्ती दाखवला. कशेळीसह कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. शिवाय हा सच्छिद्र जांभा पावसाचं पाणी पोटात धरतो आणि खालच्या झऱ्या-विहिरींना पुरवतो.

आज असे सडे चिरेखाणींसाठी फोडले जातात. मालकाला दोष कसा द्यावा? त्याची जमीन बिनमोलाची आम्हीच ठरवली. आता निदान तिथलं पाणी आणि शिल्पं सरकारदप्तरी नोंदवली जावीत. तुम्हीही मुलांना पुळणीवर न्याल, तेव्हा ऊन चढायच्या आत सड्यावरून चालवत न्या.

उतरल्यावर वाडीतल्या एका घरी पाणी मागितलं. विहिरीचं गार पाणी पिताना नातवानं विचारलं, "आजोबा, हे वरचंच का?"