घर आणि अंगण : मृगापूर्वीची राखण

वळिवाचे एकदोन शिडकावे झाले, की बोथच्या परिसरातील सागाचे रान जागे होऊ लागते. उन्हाळाभर उघड्याबोडक्या दिसणाऱ्या झाडांना पालवी फुटते, नाल्याओढ्यांना ओल येते आणि त्याच सुमारास आपल्या भिंती, माळे, गोठे व परसे यांतही नाना प्रकारच्या जिवांची हालचाल सुरू होते. वाळवीचे पंखी दिव्याभोवती घिरट्या घालतात. शेतातील बिळांत पाणी शिरल्यामुळे उंदीर घराकडे धाव घेतात. भिंतीच्या भेगांतून विंचू बाहेर पडतात आणि उंदरांच्या मागोमाग सापही येतो. रानाच्या कडेला राहावयाचे म्हणजे हे सारे सोसलेच पाहिजे, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही, आणि म्हणूनच मृग नक्षत्र लागण्यापूर्वी या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

१९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट तालुका व बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले आणि बोथ आंध्र प्रदेशात राहिले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. राज्यांच्या रेषा हलल्या, परंतु रेषेच्या दोन्ही बाजूंची माती, सागाचे वासे, कुडाच्या भिंती आणि त्यांत शिरणारे जीव एकसारखेच राहिले. तेव्हा येथे सांगितलेल्या गोष्टी बोथइतक्याच किनवटच्या वाचकांसही उपयोगी पडाव्यात.

प्रथम एक मूळ गोष्ट ध्यानात घ्यावी. रानातला जीव आपल्या घरात येतो तो तीन गोष्टींसाठी : अन्न, पाणी आणि आसरा. या तिन्ही गोष्टी आपणच त्याला नकळत पुरवीत असतो. त्या काढून घेतल्या, की त्याचे येणे पुष्कळ अंशी थांबते. मारण्याचे उपाय त्यानंतरचे होत.

वाळवीचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडे साग मुबलक, आणि सागाला वाळवी लागत नाही असा सर्वांचा समज. हा समज अर्धाच खरा आहे. सागाच्या बुंध्याचा आतला तपकिरी गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, परंतु सालीलगतचे पांढुरके लाकूड ती सहज खाते. कोवळ्या झाडाच्या खांबांत असे पांढुरके लाकूडच अधिक असते. वाळवीला ओल लागते, म्हणून ती जमिनीतून मातीच्या बोगद्यासारख्या नळ्या करीत वर चढते. यासाठी खांब थेट मातीत न रोवता दगडी बैठकीवर उभा करावा. सरपण, बांबू व जुनी दारे भिंतीला टेकवून ठेवू नयेत, तर दगडांवर फळ्या टाकून भिंतीपासून हातभर दूर रचावीत. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी मुरू देऊ नये. महिन्यातून एकदा कंदील किंवा बॅटरी घेऊन भिंतींचा पाया, चौकटी आणि आढ्याचे वासे निरखावेत. मातीची नळी दिसताच ती खरवडून काढावी व ओल कोठून येते ते शोधावे. रानात हीच वाळवी पडलेल्या लाकडाची माती करते. तिचे काम तिने रानात करावे, आपल्या चौकटीत करू नये, एवढेच आपले म्हणणे.

आता उंदरांकडे वळू. उंदराचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे तो पोट भरले असतानाही कुरतडतो. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि तिची पिले अडीच-तीन महिन्यांत स्वतः विऊ लागतात. एका जोडीचे पावसाळ्याअखेर काय होते, याचा हिशेब वाचकांनी मनातच करावा. बोट शिरेल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो. म्हणून उन्हाळा संपण्यापूर्वी भिंतीतील बिळे दगड-चुन्याने किंवा सिमेंटने बुजवावीत. नुसत्या मातीने बुजविलेले बीळ तो एका रात्रीत मोकळे करतो. मोरीच्या तोंडाला जाळी बसवावी आणि दाराखालची फट पत्र्याच्या पट्टीने झाकावी. धान्याची पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर व भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत, म्हणजे पोत्यांमागे बीळ झाले तर लगेच दिसेल. झाकणाची पत्र्याची कोठी परवडत असेल तर तिच्याइतकी चांगली सोय नाही. रात्री उष्टे-खरकटे ओट्यावर पडू देऊ नये आणि कोंबड्यांचे दाणे सायंकाळीच उचलावेत.

धान्यातील कीड ही याचीच धाकटी बहीण. दाणा दाताखाली कडकन फुटेपर्यंत ज्वारी व डाळी उन्हात वाळवाव्यात आणि पूर्ण निवल्यावरच भराव्यात. गरम धान्य भरले तर आत घाम सुटतो आणि सोंडकिड्याला आयतेच घर मिळते. जुने धान्य तळाशी ठेवून त्यावर नवे ओतण्याची सवय मोडावी, कारण जुन्यातील कीड नव्यात चढते. कडुनिंबाचा वाळलेला पाला थराथरांत घालण्याची आजीबाईंची रीत आजही चांगलीच आहे.

सांडलेल्या धान्याला आम्ही एवढे महत्त्व का देतो, ते आता सांगतो. सांडलेले धान्य उंदराला बोलावते, उंदीर सापाला बोलावतो, आणि साप येतो तेव्हा खाली जमिनीवर आपली मुले झोपलेली असतात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यांतले. सर्वाधिक मृत्यू ज्या राज्यांत झाले त्यांत आंध्र प्रदेश व तेलंगण यांचाही समावेश आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांची नावे प्रत्येक घरातील मुलांस ठाऊक असावीत. त्यांतील मण्यार विशेष कपटी म्हटली पाहिजे. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते, आणि तिचा दंश बहुधा दुखत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, तेव्हा घरच्यांना ते अपचन वाटते. पावसाळ्यात अशी लक्षणे दिसली तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णाला दवाखान्यात न्यावे.

यावर उपाय साधे आहेत. बाजेवर झोपावे. बाज नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. ही एक मच्छरदाणी डास आणि मण्यार या दोघांपासून राखण करते. रात्री अंगणात जाताना पायांत वहाणा आणि हातात बॅटरी असावी. सरपण व गोवऱ्या हाताने ओढण्यापूर्वी काठीने हलवून पाहाव्यात, आणि सकाळी जोडे झटकूनच पायांत घालावेत. घराभोवती दहा पावलांपर्यंतचे गवत व घाणेरीची झुडपे काढून टाकावीत. विटा-दगडांचे ढीग व कडब्याची गंज घराला लागून रचू नये. फिनाईल किंवा लसूण शिंपडल्याने साप येत नाही, या समजुतीवर मात्र विसंबू नये. आणखी एक विनंती. धामण बिनविषारी असून उंदीर खाते, आणि गव्हाणी घुबडही उंदरांवरच जगते. एकीला साप म्हणून व दुसऱ्याला अपशकुनी म्हणून मारणे म्हणजे आपलाच राखणदार मारणे होय.

दंश झालाच तर तो भाग चिरू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये आणि मंत्र-तंत्रात वेळ दवडू नये. अंगठ्या व बांगड्या काढाव्यात, हाड मोडल्यावर बांधतात तशी काठीचा आधार देऊन हात किंवा पाय स्थिर ठेवावा, रुग्णास चालवू नये आणि प्रतिविषाची लस मिळेल अशा दवाखान्यात त्वरेने पोहोचवावे. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. लाल विंचवाविषयीही असेच. कोकणात महाड येथे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि ज्या दंशाने पूर्वी मुले हातची जात, ती आता वेळेवर आणल्यास वाचू लागली. या कार्याबद्दल त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. ‘वेळेवर आणल्यास’ हे दोन शब्द मात्र आपल्या हाती आहेत.

डासांची कथा तर आपल्या राज्याशी जवळून निगडित आहे. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांना प्रथम दिसले ते २० ऑगस्ट १८९७ रोजी, हैदराबादला लागून असलेल्या सिकंदराबादेत. त्याबद्दल १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५३ साली देशात हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली आणि घरोघर डीडीटी फवारण्यात आली. १९६५च्या सुमारास रुग्णांची संख्या वर्षाला १ लाखाच्या आसपास उतरली. हिवताप संपला असे वाटू लागले, दक्षता ढिली झाली, डासही औषधाला सरावले, आणि १९७६ साली हीच संख्या ६४ लाखांवर गेली. केवळ फवारणीवर विसंबणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, आणि ते सारे दिवस तो पाण्यात काढतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातील रांजण, हौद, पिंपे व जनावरांच्या डोण्या रिकाम्या करून आतून घासाव्यात. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात व कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात. फुटका माठ, नारळाची करवंटी, जुना टायर यांत ओंजळभर पाणी साचले तरी त्याला पुरते. ज्या विहिरी किंवा टाक्या रिकाम्या करता येत नाहीत, त्यांत गप्पी मासे सोडावेत. माशांसाठी उकिरडा घरापासून व विहिरीपासून दूर, खड्ड्यात करावा आणि शेणावर मातीचा थर द्यावा. तेच पुढे उत्तम खत होते.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. आपला मुलूख कापसाचा, आणि कापसामागून कीटकनाशकांच्या बाटल्या घरोघर आल्या आहेत. शेतातले औषध ढेकूण, मुंग्या किंवा उंदीर मारण्यासाठी घरात वापरण्याची वाईट सवय कित्येक ठिकाणी पडली आहे. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना सुमारे वीस शेतकरी-मजुरांना प्राण गमवावे लागले आणि शेकडो लोक रुग्णालयात पडले. ते तर मोकळ्या शेतात होते. बंद खोलीत तेच औषध काय करील, याची कल्पना करावी. बिहारमधील सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील दुपारच्या जेवणातून मोनोक्रोटोफॉस पोटात जाऊन २३ मुले मरण पावली. धान्यात टाकावयाच्या गोळ्यांना ओल लागताच त्यांतून विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. माणसे झोपतात त्या घरात त्या कधीही ठेवू नयेत. औषधाची रिकामी बाटली अथवा डबा तेलासाठी, दुधासाठी वा पाण्यासाठी कदापि वापरू नये. उंदीर वर्षाकाठी दोन पायली धान्य खाईल, परंतु विषाची एक चुकलेली बाटली घरातले माणूस नेते.

शेवटी एक गोष्ट शेजारधर्माची. एका घराने बिळे बुजविली आणि शेजारच्या घराने उकिरडा उघडा टाकला, तर उंदीर या घरातून त्या घरात जातील, इतकेच. डासाला तर कुंपण ठाऊक नाही. म्हणून येत्या रविवारी मिस्सेनंतर वस्तीतील वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून मृगापूर्वीचा एक दिवस ठरवावा. त्या दिवशी पुरुषांनी बिळे बुजवावीत व झुडपे तोडावीत, स्त्रियांनी रांजण घासावेत व धान्य उन्हात घालावे, मुलांनी करवंट्या, फुटके माठ व टायर गोळा करावेत. वस्तीत एकटी राहणारी म्हातारी माणसे असतील, तर पहिला हात त्यांच्या घराला लावावा, कारण त्यांना स्वतः बीळ बुजवणे होत नाही आणि रात्री दवाखान्यात नेणारेही जवळ कोणी नसते. यास पैसा फारसा लागत नाही, एक दिवसाचे श्रम लागतात. पाऊस सुरू झाल्यावर हेच काम दुप्पट कठीण होईल, तेव्हा दिवस लवकर ठरवावा.