वणवा विझतो, धूर कुणाच्या छातीत राहतो?

शिमगा झाला की कर्जत-खालापूरच्या डोंगरांवरचं गवत वाळतं आणि रात्री माथेरानच्या उतारावर, इर्शाळच्या अंगाला वणव्याच्या रेघा दिसू लागतात. खाली बाजारपेठेत लगेच निवाडा होतो : "आदिवासीच लावतात!" लावतं कोण, यावर बोलायला सगळे पुढे. विझवतं कोण, हे कुणी विचारत नाही.

विझवतात वाडीतलीच माणसं. पुरुष मजुरीला बाहेर असले तर बायाच. घर, पेंढ्याची उडवी, वर्षाचं सरपण वाचवायचं असतं. हातात हिरव्या डहाळ्या, तोंडाला ओला पदर. एका ठाकूरवाडीतल्या मावशी मला म्हणाल्या, "ताई, आग रातीत विझते. खोकला जातो पावसाळ्यात." त्या दवाखान्यात गेल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "बिडी ओढता का?" वणव्याचं त्यांनी विचारलं नाही, मावशींनी सांगितलं नाही. ते 'काम' आहे असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

कायद्याला मात्र वाटतं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम ७९ सांगतं की राखीव वा संरक्षित जंगलात ज्यांचा हक्क आहे, जे तिथून वनोपज घेतात, त्यांनी सांगण्याची वाट न पाहता वणवा विझवलाच पाहिजे. म्हणजे मोळी आणणारी बाई कायद्याने आग विझवायला बांधलेली. पण तिच्या मजुरीबद्दल, तिच्या फुप्फुसाबद्दल हे कलम चकार शब्द काढत नाही!

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने आग विझवण्याचा पेशाच कर्करोगकारक ठरवला. जंगलातली आग विझवणारेही त्यात आले. पण हे पुरावे बहुतेक पुरुषांवरच्या अभ्यासांतले. आमच्या मावशी वर्षातून काही रात्री डोंगरावर जातात आणि उरलेले दिवस चुलीपुढे बसतात. त्यांचा धूर कोण मोजणार? ओला पदर राख अडवतो, धुरातले सूक्ष्म कण अडवत नाही. कार्बन मोनॉक्साइड तर साध्या मास्कलाही जुमानत नाही. तो रक्तातला प्राणवायू हिरावतो. जिच्या अंगात आधीच रक्त कमी, जिच्या पोटात मूल, तिचं काय?

एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी मजूर गेले, तेव्हा बातमी झाली. भाजून मेलेला दिसतो. धुराने वर्षानुवर्षं झिजणारी दिसत नाही.

मैत्रिणींनो, आपणही चुलीच्या धुरावर शिबिरं घेतली आणि डोंगरावरचा धूर विसरलो. आता मागणी स्पष्ट हवी. वणवा विझवणं हे काम माना, त्याची मजुरी द्या. उन्हाळ्याआधी जाळरेषा काढण्याचं काम वाडीलाच द्या. सूक्ष्म कण अडवणारे मास्क द्या, गरोदर बाईला आगीपासून दूर ठेवा. आणि दवाखान्यात बिडीच्या आधी विचारा : "बाई, यंदा किती वणवे विझवलेत?"