रजतकमळ आणि स्वामित्वधन

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या २०११ ते २०२० या दहा वर्षांच्या याद्या चाळल्या, तर पार्श्वगायनाच्या रकान्यात मराठी चित्रपटांनी मिळविलेले स्थान सुखावणारे आहे. आनंद भाटे ('बालगंधर्व', २०११), आरती अंकलीकर-टिकेकर ('संहिता', २०१२), बेला शेंडे ('तुह्या धर्म कोंचा', २०१३), महेश काळे ('कट्यार काळजात घुसली', २०१५), सावनी रवींद्र ('बार्डो', २०१९) आणि राहुल देशपांडे ('मी वसंतराव', २०२०) ही ती नावे होत. त्यांच्या गुणवत्तेविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु यांतील तीन चित्रपट नाट्यसंगीताच्या परंपरेवरच उभे आहेत, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. दिल्लीच्या व्यासपीठाकडे जाणारी वाट चित्रपटाच्या दारातून जाते, आणि ते दारही रागदारीच्या अंगाने गाणाऱ्यास जरा लवकर उघडते, असे म्हणावेसे वाटते.

चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रित गीताला या पुरस्कारांत जागाच नाही. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ५६ गीतांचे 'गीतरामायण' प्रसारित झाले, तेव्हा गायनाचा हा पुरस्कार अस्तित्वात नव्हता. तो १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाला; पण आज तसे काही घडले तरी ते कोणत्याही विभागात बसणार नाही. भावगीत, भीमगीत, ध्वनिफितीवरचे भक्तिगीत यांची हीच गत. आमच्या चारकोपच्या वसाहतीत, म्हणजे जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या लहान लहान भूखंडांवर उभ्या राहिलेल्या वस्तीत, गणेशोत्सवाची पहाट प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजावाचून उजाडत नाही. शिंदे २००४ साली गेले. लावणीचा आवाज म्हणून महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेल्या सुलोचना चव्हाण यांचा 'रंगल्या रात्री अशा' १९६२ चा. त्यांना पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले.

तथापि सन्मानाहून अधिक महत्त्वाचा प्रश्न मिळकतीचा आहे, आणि येथे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने बोलणे भागच आहे. आल्फ्रेड मार्शल यांनी आपल्या ग्रंथात असा विचार मांडला होता, की मानवी आवाज किती माणसांपर्यंत पोहोचेल याला मर्यादा असल्यामुळे गायकाच्या कमाईलाही मर्यादा राहणार. ध्वनिमुद्रिकेने ही मर्यादा पुसून टाकली. आवाज लाखो घरांत पोहोचला. परंतु त्याचे मोल गायकाकडे नव्हे, तर मुद्रिकेच्या मालकाकडे जाऊ लागले. एकदा मानधन घेतले की संबंध संपला, अशी रीत पडली. साठच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांना स्वामित्वधनाचा वाटा मागितला. पैसे मिळाल्यावर हक्क उरत नाही, असे महंमद रफी यांचे मत होते. आणि त्या मतभेदापायी ही दोघे काही वर्षे एकत्र गायली नाहीत. रफींच्या भूमिकेत सौजन्य होते, पण अर्थशास्त्र लताबाईंच्या बाजूने होते. जी वस्तू वर्षानुवर्षे उत्पन्न देत राहते, तिची किंमत एका दिवसाच्या मजुरीने चुकती होत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचा हक्क आला तो १९९४ च्या दुरुस्तीने, आणि व्यापारी वापराबद्दल स्वामित्वधन मिळण्याची तरतूद झाली २०१२ मध्ये. त्याआधी उतारवयात गेलेल्या कलावंतांच्या पदरात काय पडले, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

सत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांपासून रजतकमळाची रक्कम पन्नास हजारांवरून दोन लाख झाली, हे योग्यच झाले. आता दोन गोष्टी व्हाव्यात. एक, चित्रपटेतर ध्वनिमुद्रणासाठी स्वतंत्र विभाग. दुसरी, आणि मला अधिक निकडीची वाटणारी, नावांची. आपली कला आपल्या नावाने ओळखली जावी, असा हक्क कलावंताला २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे. असे असूनही भ्रमणध्वनीवर गाणे लावले, तर ढोलकी कोणी वाजविली, हार्मोनियमवर कोण होते, हे बहुधा कळत नाही. ज्याचे नावच नोंदलेले नाही, त्याचा वाटा कोण आणि कोणाला देणार? १९९२ पासून लता मंगेशकर पुरस्कार देणाऱ्या महाराष्ट्र शासनाने आपल्या खर्चाने होणाऱ्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात सर्व वादकांची नावे छापणे बंधनकारक करावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. खात्याचे एक परिपत्रक पुरेल.