मेडल आणि सिंह एकाच तिकिटात? मग माझी सही मिळणार नाही

गेल्या काही वर्षांत एप्रिल-मे महिना आला की माझ्या दवाखान्यात एक नवा प्रकारचा पेशंट येतो. तो आजारी नसतो. पायात महागडे बूट, मनगटावर धावण्याचा हिशोब ठेवणारं घड्याळ आणि हातात एक छापील कागद. "डॉक्टरसाहेब, फक्त एक सही पाहिजे होती. फिटनेस सर्टिफिकेट. जूनमध्ये आफ्रिकेला चाललोय. रेस पण आहे आणि सफारी पण."

या वर्षापासून अशी सही मी पाच मिनिटांत देणार नाही. काही जण नाराज झाले, म्हणून माझं म्हणणं इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो

मी धावण्याच्या विरोधात नाही. जळगाव-भुसावळकडे पहाटे धावणाऱ्यांचे ग्रुप तयार झाले, याचा मला आनंदच आहे. धावायला लागल्यावर साखर आणि बीपी आटोक्यात आलेले, गोळ्या कमी झालेले पेशंट मी स्वतः पाहिले आहेत. आफ्रिकेलाही माझा विरोध नाही. कष्टाच्या पैशातून कुणी सिंह, हत्ती बघायला जात असेल तर जरूर जावं.

माझा विरोध आहे तो दहा दिवसांत दोन्ही कोंबण्याला. "एवढं विमानाचं तिकीट काढलंच आहे, तर जंगलही करून येऊ" हा हिशोब पैशाचा आहे. त्यात विश्रांतीचे दिवस खर्चात धरले जातात आणि सगळ्यात आधी तेच कापले जातात.

या शर्यती आहेत तरी काय?

आपल्याकडची मंडळी सर्वांत जास्त जातात ती दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ती १९२१ साली सुरू झाली. नाव मॅरेथॉन असलं तरी मॅरेथॉनच्या ४२ किलोमीटरच्या दुपटीहून अधिक, म्हणजे ८५ ते ९० किलोमीटर पळावं लागतं. एका वर्षी डर्बनहून पीटरमॅरिट्झबर्गकडे चढ, तर दुसऱ्या वर्षी बहुधा उलट उतार. हे तेच पीटरमॅरिट्झबर्ग, जिथे १८९३ साली गांधीजींना रेल्वेतून खाली उतरवलं गेलं. वेळेची मर्यादा १२ तास. शर्यत संपली की सहाशे किलोमीटरहून दूर क्रूगर अभयारण्य गाठायचं, अशी आखणी असते.

दुसरी केनियातली लेवा मॅरेथॉन. ती जून महिन्यात, जंगली प्राण्यांच्या राखीव क्षेत्रातच होते. धावणाऱ्यांच्या रक्षणासाठी बंदूकधारी वनरक्षक आणि वर हेलिकॉप्टर असतं. ती झाली की लगेच मसाई मारा.

ऐकायला छान वाटतं. आता डॉक्टरच्या नजरेतून बघू.

पहिला धोका इथेच, आपल्या घराजवळ

शर्यत जूनमध्ये, म्हणजे सर्वांत जास्त सराव मार्च ते मे. भुसावळचा मे महिना मी तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ पर्यंत जातो, पहाटे पाचलाही अंगाचा घाम थांबत नाही. अशा दिवसांत महामार्गाच्या कडेने, ट्रकच्या धुळीत आणि धुरात, लोक तीस-चाळीस किलोमीटर पळतात. ऑफिस असल्यामुळे उशीर होतो आणि शेवटचे दहा किलोमीटर उन्हात जातात. उष्माघात हा आफ्रिकेचा नाही, आपल्याच गावाचा आजार आहे. धावताना घाम येत असूनही माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर तो उष्माघात समजा. अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि तिथूनच दवाखान्यात फोन करा.

त्यात वय बघा. माझ्याकडे सही मागायला येणारे बहुतेक जण ४५ ते ५५ वयाचे. धावायला लागून दोन-तीन वर्षं झालेली. आपल्या लोकांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकर गाठतो. घरात वडिलांना किंवा भावाला कमी वयात ॲटॅक आला असेल, तर तुमचा वेग कितीही चांगला असो, तपासणी हवीच. घड्याळ हृदयाचे ठोके मोजतं, रक्तवाहिनीतला अडथळा त्याला दिसत नाही.

९० किलोमीटरनंतर शरीरात काय होतं?

शर्यत संपते, पण शरीराचं काम तेव्हा सुरू होतं.

स्नायूंचे तंतू तुटतात आणि त्यातलं द्रव्य रक्तात येतं. ते मूत्रपिंडाने गाळायचं असतं. आधीच पाणी कमी पडलेलं, त्यात दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलेलं, वर बीपीची गोळी. या तिन्हीचा भार एकाच वेळी मूत्रपिंडावर पडतो. लघवी चहासारखी काळपट झाली, तर "धावल्यामुळे असेल" म्हणून सोडू नका.

उलट बाजूही आहे. भीतीपोटी खूप जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, गोंधळणं, शेवटी झटके. हा प्रकार वैद्यकीय जगाच्या नीट लक्षात आला तो १९८५ साली, आणि त्या पेशंटांत याच कॉम्रेड्सचे धावपटू होते. तहान लागेल तेवढंच पाणी प्या, हा नियम त्यातून आला.

तिसरं, सर्दी-खोकला. केपटाऊनच्या अशाच एका लांब शर्यतीनंतरचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या दोन आठवड्यांत सुमारे एक-तृतीयांश धावपटूंना सर्दी-घशाचा त्रास झाला, न धावणाऱ्यांमध्ये हे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास होतं.

अशा शरीराला तुम्ही शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी सात-आठ तास गाडीत बसवता. पाय सुजलेले, रक्त घट्ट झालेलं, हालचाल बंद. पोटरीच्या शिरेत गुठळी व्हायला याहून सोयीची परिस्थिती कुठली? मग रोज पहाटे साडेचारला उठून उघड्या जीपमध्ये थंडी खात बसायचं. ही विश्रांती नाही.

आणि आता माझी चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच परिसरातले एक गृहस्थ, वय ५२, बीपीची एक गोळी चालू. त्यांना सही मी दिली. ईसीजी बघितला, छाती तपासली, हात मिळवला. "शर्यतीनंतर कुठे जाणार?" हे मी विचारलंच नाही. शर्यत त्यांनी वेळेत पूर्ण केली आणि नंतर तीन दिवस जंगलात राहिले. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या घेतल्या नाहीत, कारण "तिकडे थंडी असते, डास नसतात" असं कुणीतरी सांगितलं होतं.

घरी आल्यावर सहाव्या दिवशी ताप. अंगदुखी प्रचंड. ते म्हणाले, "पळण्याचा थकवा आहे." मी मान डोलावली. लघवी गडद होती, तेही आम्ही दोघांनी शर्यतीच्या खात्यावर टाकलं. प्लेटलेट कमी आल्या तेव्हा पावसाळा सुरू झाला होता, म्हणून मला डेंग्यू वाटला. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नीने सहज विचारलं, "डॉक्टर, तिकडे जंगलात काही चावलं असेल का हो?" तेव्हा कुठे मी मलेरियासाठी रक्त तपासलं. फाल्सिपेरम मलेरिया. तोपर्यंत मूत्रपिंडावर परिणाम झाला होता आणि त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवून डायलिसिसवर ठेवावं लागलं. ते वाचले, आज बरे आहेत. पण ते तीन दिवस माझे होते, आणि मी ते वाया घालवले.

ही चूक मी लिहितो आहे कारण ती या जोड-सहलीतच दडलेली आहे. शर्यतीनंतरचा थकवा, अंगदुखी, गडद लघवी आणि मलेरियाची लक्षणं एकमेकांसारखीच दिसतात. नुसता जंगलात गेलेला माणूस ताप आला की घाबरून लगेच येतो. धावून आलेला माणूस तापाला कारण सापडलं असं समजून घरी पडून राहतो.

"आपल्याला मलेरियाची सवय आहे" हा गैरसमज

लहानपणी दोनदा मलेरिया झाला म्हणजे संरक्षण मिळालं, असं नसतं. आफ्रिकेतला मलेरिया बहुतांश फाल्सिपेरम आहे, क्लोरोक्विनला तो जुमानत नाही. क्रूगरमध्ये जून-जुलैत धोका कमी असतो हे खरं, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. डास चावल्यानंतर ताप यायला साधारण सात दिवस ते काही आठवडे लागतात. म्हणजे तो तुम्हाला तिकडे नाही, इथे दीपनगरात गाठणार.

प्रतिबंधक गोळ्या आहेत. डॉक्सिसायक्लिन जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. तिने काहींचं पोट बिघडतं, ऊन बाधतं. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वॅनिल परतल्यावर सात दिवसच घ्यावी लागते, पण महाग आहे. कुठली घ्यायची हे डॉक्टर ठरवतील. शर्यतीच्या आठवड्यात कुठलीही नवी गोळी पहिल्यांदा घेऊ नका, आधी घरी घेऊन बघा.

केनियाला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होतं. ते नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. शिवाय लेवा सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे आणि आपलं भुसावळ सुमारे २०० मीटरवर. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे पळणं म्हणजे दम लागणारच.

"डॉक्टर, तुम्ही उगाच घाबरवता"

हे मला रोज ऐकायला मिळतं. खरं आहे, जाणारे बहुतेक जण सुखरूप येतात, फोटो टाकतात. रेल्वेचं फाटक बंद असताना खालून जाणारेही बहुतेक सुखरूपच पलीकडे जातात. प्रश्न टाळता येण्यासारखा धोका आपण कशासाठी घेतो, हा आहे. दोन दिवसांचं हॉटेलभाडं वाचवण्यासाठी? तर तो सौदा मला मान्य नाही.

माझ्या सहीच्या अटी

१. तिकीट काढण्याआधी या. निघण्याच्या आदल्या आठवड्यात नको. निदान तीन महिने आधी.

२. पूर्ण प्रवासाच्या तारखा आणि ठिकाणं लिहून आणा. विमान मध्ये कुठल्या देशात थांबतं, तेही.

३. चाळिशीच्या पुढे असाल, किंवा साखर, बीपी, घरात हृदयविकार असेल, तर स्ट्रेस टेस्ट आणि मूत्रपिंडाची तपासणी आधी. चालू गोळ्यांची यादी आणा. लघवी जास्त होणाऱ्या बीपीच्या आणि साखरेच्या काही गोळ्यांबाबत शर्यतीपुरता वेगळा विचार करावा लागतो. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

४. शर्यत आधी, जंगल नंतर, आणि मध्ये किमान तीन पूर्ण दिवस मोकळे. लघवीचा रंग आणि भूक पूर्ववत झाल्याशिवाय पुढचा प्रवास नाही. रजा तेवढी नसेल, तर दोन्हीपैकी एकच निवडा.

५. विम्याची कागदपत्रं वाचा. अशी लांब शर्यत त्यात धरली आहे का, ते लेखी विचारून घ्या.

६. परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर त्याच दिवशी मलेरियाची रक्त तपासणी. पहिली नकारात्मक आली तरी ताप असेल तर पुन्हा. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य हेच बोला: "मी आफ्रिकेतल्या जंगलात जाऊन आलो आहे." डॉक्टर विचारायला विसरू शकतो. मी विसरलो होतो.

शेवटची विनंती घरच्यांना. धावणारा माणूस स्वतःचं दुखणं लपवतो, हा माझा अनुभव आहे. ताप आला आणि तो "काही नाही, थकवा आहे" म्हणाला, तर त्याचं ऐकू नका. त्याला गाडीत बसवून घेऊन या, रात्र असली तरी.