यंत्राला नकार नको, मालकी मागा!

फळबागेत माणसाच्या जोडीला रोबो येणार म्हटलं की आपल्या पोरांना धडकी भरते. पण गांधीवादाची चिकित्सा करताना १९४५ सालीच बाबासाहेबांनी मांडलं: दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांना देणाऱ्या समाजरचनेचा आहे.

बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. डोळे उघडलेलं फळ ओळखणारी नजर मजूर बाईची. बाग आणि नफा मालकाचा. ऊसतोडणी यंत्रासाठी सरकारनं ३५ लाखांपर्यंत अनुदान जाहीर केलं. त्या यंत्रामुळे ज्याचा कोयता सुटेल, त्याच्या पदरात काय? उद्या बागेतल्या रोबोचंही हेच होईल.

म्हणून मागणी आजच करा: भूमिहीनांच्या नावावर गायरान आणि मजूर महिलांच्या सहकारी संस्थेला यंत्राचं अनुदान. १९६४ च्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांनी जमीन मागितली. आपण जमिनीसोबत यंत्रही मागू.

जय भीम!