पेराएवढ्या माणसाचा चेहरा

प्रौढ माणसांनी खेळण्यातल्या सैनिकांशी खेळावे काय, या प्रश्नाचे उत्तर एच. जी. वेल्स यांनी १९१३ सालीच देऊन ठेवले. 'लिटल वॉर्स' या पुस्तकात त्यांनी शिशाचे सैनिक आणि खेळण्यातल्या तोफा घेऊन दिवाणखान्याच्या जमिनीवर लढाई कशी मांडावी, याचे नियमच लिहिले. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध कितीतरी बरे, असा त्यांचा सूर होता. जगाने तो ऐकला नाही. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले.

वेल्स यांचा खेळ मात्र टिकला आणि त्याला अनेक फांद्या फुटल्या. त्यांतली एक मोठी गमतीची आहे : 'पल्प' साहसांची. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदावर अमेरिकेत निघणारी मासिके म्हणजे पल्प. टारझन १९१२ साली अशाच एका मासिकातून अवतरला. डॉक सॅव्हेज १९३३ साली आला. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड ज्यांनी दिवाभीतासारखे रात्र रात्र जागून वाचले, त्यांना या मासिकांची नशा वेगळी समजावून सांगायला नको. या कथांतले विमानचालक, प्राध्यापक, वार्ताहर, खजिन्याचे नकाशे आणि जंगलातली देवळे आता इंग्लंड-अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या टेबलावर उतरतात. एकेका बाजूला जेमतेम पाच-दहा पुतळ्या असतात आणि निकाल फाशांवर लागतो.

खेळ तासा-दोन तासांचा, तयारी मात्र महिन्यांची. पुतळी बोटाच्या पेराएवढी. साच्याच्या खुणा कानशीने घासायच्या, अस्तराचा रंग द्यायचा, मग मूळ रंग. त्यावर पातळ गडद रंग सोडला की तो कपड्यांच्या चुण्यांत उतरतो आणि सावली आपोआप पडते. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवला की कडा उजळतात. देऊळ फोमच्या तुकड्यांतून कापायचे, पेन्सिलीने दगडांचे सांधे कोरायचे आणि चांदीच्या कागदाचा चुरगळलेला गोळा वरून दाबत फिरवायचा. गुळगुळीत फोमचा खडबडीत पाषाण होतो. मत्स्यालयातली प्लॅस्टिकची झाडे जंगल बनतात. टाकाऊ वस्तूंतून जग उभे करणाऱ्या या चिकाटीचे मला मनापासून कौतुक वाटते.

म्हणूनच एक गोष्ट खटकते. या टेबलावर नायकाला नाव असते आणि डोळ्यांतली बाहुलीही त्याच्याच वाट्याला येते. 'स्थानिक' मंडळी मात्र बहुधा गठ्ठ्याने येतात : पुजारी, भालेकरी, हमाल. सगळ्यांना एकच तपकिरी रंग. नियमांतही त्यांचे काम बहुतेक वेळा एवढेच, की फासा पडला की आडवे व्हायचे. माणसे आणि झाडे यांत फरक उरत नाही. दोन्ही देखाव्याचा भाग.

हा दोष खेळाने मूळ कथांकडून घेतला आणि त्याची झळ आपल्यालाही लागली आहे. 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' हा १९८४ सालचा चित्रपट याच पल्प परंपरेतला. त्यातला भारत म्हणजे नरबळी देणारे कालीभक्त आणि मेजवानीत माकडाचा मेंदू. आपल्या सरकारने चित्रीकरणाला मोकळी परवानगी दिली नाही, तेव्हा श्रीलंकेत चित्रण झाले. अमरीश पुरींचा मोलाराम जगभर गाजला. पण त्याच्यामागच्या जमावातला एकही चेहरा कुणाला आठवत नाही.

'अहो, खेळच तो!' असे कुणी म्हणेल. मान्य. पण ज्या छंदात बुटाच्या बंदाचा रंग कालखंडाला धरून आहे का, यावर तासभर वाद होतो, तिथे माणसाच्या चेहऱ्याबद्दल बेफिकिरी कशी चालेल? बारकाईने पाहणे हाच या छंदाचा धर्म. तो निवडक पुतळ्यांपुरता पाळायचा नसतो.

आपल्या मुलांच्या दिवाळीतल्या किल्ल्याकडे पाहा. सिंहासनावर महाराज असतात, बुरुजांवर मावळे असतात. पण पायथ्याशी गवळण, भाजीवाली आणि नांगर धरलेला शेतकरीही असतो. त्यांच्यावाचून किल्ला ओकाबोका दिसतो, हे पोरांना न शिकवता कळते.

पल्पच्या टेबलावरही हे जमण्यासारखे आहे. हमालाला नाव द्यावे. पुजाऱ्याच्या कपाळावर एखादी काळजीची आठी रंगवावी. एखाद्या रविवारी डावच उलटा मांडावा : गावकरी आपली मूर्ती राखताहेत आणि टोपीवाले साहेब ती पळवायला आले आहेत. थरार तसूभरही कमी होणार नाही. उलट फासा टाकताना हात क्षणभर थबकेल, कारण समोर आडवे होणार ते कुणीतरी असेल.

ब्रशच्या टोकावरचा रंगाचा एक थेंब एवढे करू शकतो. तो कुणाच्या डोळ्यांत घालायचा, हे रंगवणाऱ्याने ठरवायचे.